बिनदाराचा संडास

संडासाचं दार ताईनंच बिजागऱ्यांपासून उतरवलं होतं. भिंत पांढरी, दारही पांढरं. आप्पांना ते दिसायचंच नाही. चाचपडत फिरायचे आणि शेवटी कुठल्यातरी कोपऱ्यात उभे राहायचे. दार गेलं, बोळातून भांडं दिसायला लागलं, तसे बापडे आपले आपण जायला लागले. आठवणीतून लेकीचं नाव गेलं, लेकाचं गेलं, स्वतःच्या हाताचं एवढं एक राहिलं होतं. ते काही झालं तरी टिकवायचं, असं ताईनं ठरवलंच होतं.

आज धाकटा भाऊ आपल्या सासऱ्यांना घेऊन जेवायला आला. ताई कुकरपाशी अडकलेली बघून या शहाण्यानं दार परत बसवून टाकलं. चारचौघांत शोभत नाही म्हणे! सहा-सहा महिने तोंड न दाखवणाऱ्याला शोभेची केवढी काळजी!

जेवता जेवता आप्पा उठले. बोळात गेले, भिंतीवरून हात फिरवत परत आले, पुन्हा गेले. ताई ताट बाजूला सारून उठेपर्यंत कोपऱ्यात काढून ठेवलेले पाहुण्यांचे बूट भिजले होते.

"लाज नाही वाटत?" धाकट्यानं आप्पांना दंडाला धरून गदागदा हलवलं. "उद्यापासून डायपरच बांधतो तुम्हाला!"

"चुकलं साहेब," आप्पांनी पोटच्या पोरापुढे हात जोडले.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लाज तुला वाटू दे, मेल्या! दार कुणाला विचारून लावलंस? रोज मी निस्तरते ना इथं? तू कोण टिकोजीराव लागून गेलास?" पाहुण्यांची भीडभाड न ठेवता तिनं पेचकस आणला आणि दार उतरवून बोळात आडवं टाकलं. पाहुणे ओले बूट हातात घेऊन निघून गेले, धाकटा मागे राहिला.

चहानंतर आप्पा खुर्चीत चुळबुळायला लागले. मांड्या आवळलेल्या, कपाळावर घाम. ताईनं त्यांना हाताला धरून नेलं. भांडं समोर होतं, तरी ते उंबऱ्यातच थांबले आणि मागे वळून धाकट्याकडे बघायला लागले.

"जाऊ का साहेब?"

"आप्पा, अहो, मी..." धाकटा पुढे आला.

"मी-मी काय करतोस? हो म्हण!" ताई किंचाळली.

तो हो म्हणाला तेव्हा आप्पांचा पायजमा ओला झालेला होता. त्यांनी पुन्हा हात जोडले.

"त्यांचे हात खाली घे आधी," ताई म्हणाली, "आणि मग फडकं आण."