गळ्याखालचा दिवा

मनुष्यदेह हे एक अखंड चालणारं वीजघर आहे. विहंगने हे सांगितलं तेव्हा रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात वीज गेलेली होती, म्हणून ते मोबाइलच्या उजेडात सांगावं लागलं.

विहंग गंगाधररावांचा भाचा. नवा रायपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात संशोधन करायचा. मराठी त्याला समजत असे, उत्तर मात्र हिंदीत येई. रबरासारखी मऊ, वाकणारी एक पट्टी त्याने रमामामीच्या गळ्याखाली चिकटवली. जरा वेळाने पट्टीच्या कडेला मोहरीएवढा हिरवा दिवा लागला.

"अंगाच्या गर्मीनं?" गंगाधररावांनी विचारलं.

"हां मामाजी. बैटरी नहीं है."

रमाबाई अंथरुणातून म्हणाल्या, "जनमभर याहिच्या घरात तापली मी, कोणाले उजेड दिसला नाई. आता दिसून राहिला."

त्यांचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी 'घरीच ठेवा' म्हणून घरी पाठवलं होतं. त्यांनी नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली होती: जाताना तोंडात गंगाजल तुमच्या हातानं पडू द्या. जलसंसाधन विभागातून बाबू म्हणून निवृत्त झालेल्या गंगाधररावांना हे काम जमण्यासारखं होतं. अडचण कानांची होती. बायकोचा श्वास त्यांना ऐकू येत नसे, म्हणून ते दर थोड्या वेळाने तिच्या नाकाखाली बोट धरत.

"मरू तरी द्या, नाई तर झोपू तरी द्या," रमाबाई म्हणत. "एक काहीतरी ठरवा."

दिवा आल्यावर बोट थांबलं. दिवा आहे म्हणजे रमा आहे. विहंगने पट्टीची एक बाजू गरम, दुसरी थंड असं आणखीही काही सांगितलं होतं, पण ते ज्या कानाने अजिबात ऐकू येत नाही त्या बाजूला बसून.

मे महिन्यात एका दुपारी वीज गेली आणि कूलर बंद पडला. खुर्चीत डुलकी लागलेले गंगाधरराव घामाने जागे झाले. दिवा विझलेला होता. त्यांनी देवापुढचा गंगाजलाचा गडू आणला, तुळशीचं पान तोडलं आणि रडत रडत रमाबाईंच्या तोंडात पाणी ओतलं. रडणं ऐकून शेजारचा शालिग्राम दारात आला आणि त्याने लगेच तिरडीच्या सामानासाठी सदर बाजारात फोन लावला.

रमाबाईंना जोराचा ठसका लागला. "काहून बुडवून राहिले मले?"

शालिग्रामने तोच फोन पुन्हा लावला आणि सामान नको म्हणून सांगितलं.

संध्याकाळी विहंग चांगल्या कानाशी बसला. "मामाजी, कमरा ही बॉडी जितना गरम हो गया था. बाहर ठंडा हो, तभी जलता है. ठंड में पक्का चलेगा."

"म्हणजे थंडीत खोटं नाई बोलणार?"

"नहीं बोलेगा."

विहंग खरं बोलणारा पोरगा होता. त्याने विजेपुरतं उत्तर दिलं.

उन्हाळाभर गंगाधररावांनी पुन्हा बोट धरलं. दिवाळीनंतर गारठा पडला, तसं सोडून दिलं.

जानेवारीतल्या एका कडाक्याच्या थंडीच्या सकाळी ते उठले तेव्हा दिवा कधी नव्हे इतका लख्ख होता. त्यांना बरं वाटलं. चहा करून घेतला, खुर्ची खाटेजवळ ओढली आणि रोजच्यासारखा पेपर मोठ्याने वाचायला घेतला. "विजेचे रेट वाढून राहिले म्हंते, रमे. तुह्या भरोशावर राहा लागते आता."

रमाबाई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तरी गंगाधररावांना ऐकू आलं नसतं, त्यामुळे वाचन काही अडलं नाही.

रमाबाईंचं अंग पुसायला येणारी भीमाबाई आली. तिने रजईखाली हात घातला आणि तसाच थांबवला. मग मोठ्याने म्हणाली, "बाबूजी, पेपर ठेवा."

"काहून?"

"बाई गेली. पाय पार गार पडले, छातीत नुसती ऊब उरली."

"दिवा चालू हाये ना," गंगाधरराव म्हणाले. "बघ ना तू. चालू हाये."

भीमाबाईने दिव्याकडे पाहिलं नाही. तिने गडू आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी ओतलेलं पाणी ओठांच्या कोपऱ्यातून उशीवर गेलं. ते ठसक्याची वाट पाहत थांबले.

"मी वाचून राहिलो होतो, तवा?"

"नाई बाबूजी. त्याच्या आधीच."

"हव," ते म्हणाले.

विहंग आला. पट्टी कॉलेजची होती आणि आगीत घालण्यासारखी नव्हती. त्याने ती हळूच सोलून काढली आणि तिपाईवर ठेवली. तिथे ती विझली. घरात चूल पेटणार नव्हती, म्हणून शालिग्रामने आपल्या घरून चहा आणला आणि घाईत एक ग्लास नेमका पट्टीवर टेकवला.

ग्लासाखालून हिरवा दिवा लागला. गंगाधरराव त्याच्याकडे पाहत बसले.

चहा कोणी घेतला नाही. तो गार होईपर्यंत दिवा चालू होता.