बंद केलेला रकाना

तपासणी यंत्राच्या पडद्यावरची रेघ छत्तिसाव्या फेरीला उठली. पस्तिसाव्या फेरीच्या आत उठली असती तर आजार नक्की होता. शेवटपर्यंत आडवीच राहिली असती तर नव्हता. ही उशिरा उठली आणि अर्ध्यावरच थांबली. अशा रेघेचा अर्थ एवढाच, की उद्या पुन्हा नमुना घ्या आणि पुन्हा पाहा.

प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून ती सोळा वर्षं हेच शिकवत आली होती. पण साथीच्या दुसऱ्या महिन्यात वरून पत्र आलं. प्रत्येक नमुन्याचा निकाल चोवीस तासांत, आणि निकाल दोनच: आहे किंवा नाही. ‘पुन्हा तपासा’ हा रकाना बंद. संशयित ते सगळं ‘नाही’त टाका. किट कमी पडत होते हे खरं. संध्याकाळी सहाला जाहीर होणाऱ्या आकड्यांत ‘प्रलंबित’ हा शब्द कुणाला नको होता, हेही तितकंच खरं.

“साहेब, हे चूक आहे,” ती तिच्या वरिष्ठांना म्हणाली होती.

“मला कळत नाही का? पण वर कोण सांगणार? तुम्ही जाता?”

ती गेली नाही. सह्या करत राहिली.

छत्तिसाव्या फेरीची ती रेघ तिच्या दादाची होती. दादा रुग्णवाहिका चालवायचा. घरी आई, म्हणून अकरा दिवस तो गाड्यांच्या शेडमध्येच झोपत होता. ती स्वतः वरच्या खोलीत वेगळी राहायची, आणि आई रोज जिन्याखालून एकच विचारायची, “त्याला कधी सोडताय गं तुम्ही?” जणू हिनंच त्याला डांबून ठेवलं होतं. निकाल तिनंच भरला, फोनही तिनंच केला. “निगेटिव्ह आहे. ये घरी.” आदेश पाळला गेला होता आणि आईचं मनही राखलं गेलं होतं. त्या संध्याकाळी तिला हलकं वाटलं, आणि त्याचीच तिला पुढे सर्वांत जास्त लाज वाटत राहिली.

सहाव्या दिवशी आईला ताप आला. सतराव्या दिवशी आई गेली.

घरात कुणी तोंडावर बोललं नाही, पण आजार प्रयोगशाळेतून आला हे सगळ्यांनी गृहीत धरलं. वहिनी एकदा शेजारणीला म्हणाली, “रोज त्या नळ्यांत हात घालून यायची, टळणार होतं थोडंच?” तिची स्वतःची तपासणी दर आठवड्याला व्हायची आणि तिची रेघ एकदाही उठली नव्हती. हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न दादाकडे वळला असता.

तीन वर्षांनी साथीतल्या त्या निकालांवर चौकशी समिती बसली. साहेब तिच्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, “सगळे सांगताहेत, किट नव्हते. तुम्हीही तेवढंच सांगा. खोटं नाहीये ते.”

“अर्धं आहे.”

“अर्ध्यावर सगळ्यांचं भागलंय, बाई.”

तिचं मात्र भागत नव्हतं. सहीच्या आधी ती ‘नाही’त टाकलेल्या प्रत्येक संशयित नमुन्याचा क्रमांक टिपून ठेवत गेली होती. एकूण तीनशे एक्केचाळीस. तेवढ्या घरांत कोण कुणाला दोष देत बसलं असेल, याचा हिशोब कुठल्याच सहाच्या आकड्यांत आला नव्हता. पण यादी दिली की दादाचा क्रमांकही जाणार होता. दोनदा तिनं आजारपणाचं कारण सांगून साक्ष पुढे ढकलली. आता सोमवार शेवटचा होता.

रविवारी दुपारी दादा स्वयंपाकघरात ओट्याखाली शिरून गळका पाइप बसवत होता. वहिनी मटार सोलत होती.

“शास्त्रज्ञ, बारा नंबरचा पाना दे.”

तिनं दिला.

“हा चौदाचा आहे. एवढी वर्षं त्या दुर्बिणीतून काय बघितलंस, कपाळ?”

“तुमचंच बघत असेल,” वहिनी म्हणाली. मग तिच्याकडे वळून, “उद्या नीट बोल हं तिथं. नाहीतर वरचे लोक तुझ्यावर ढकलून मोकळे होतील.”

“हिच्यावर काय ढकलणार?” ओट्याखालून दादाचा आवाज आला. “सरळ सांग त्यांना, माझी स्वतःची आई गेली यात. काम करताना घरी आजार आला, तो काय गुन्हा आहे? मी कधी बोललो का तुला एका शब्दानं?”

नव्हता बोलला. तीन वर्षं तो तिला क्षमा करत आला होता, मोठ्या मनानं, चुकूनही तोल न जाऊ देता. आणि ती ती क्षमा घेत राहिली होती.

“दादा, बाहेर ये.”

“बोल की. कान बाहेरच आहेत.”

“नाही. इथं समोर बस.”

तिच्या आवाजानं वहिनीचे हात थांबले. दादा सरपटत बाहेर आला, पँटला हात पुसत स्टुलावर बसला आणि तिच्याकडे पाहू लागला. अजून त्याच्या चेहऱ्यावर मघाचंच हसू होतं. ते जाणार हे तिला कळत होतं.

“उद्या मी समितीला सगळं सांगणार आहे,” ती म्हणाली. “पण आधी तुला सांगते. मी तुला घरी बोलावलं ना, तेव्हा तुझा निकाल ‘नाही’ नव्हता. आणि ते मला माहीत होतं.”