‘स’पुढची जागा

त्या ‘स’च्या पुढे जागा होती. फार नाही, एखादं अक्षर अंग चोरून बसेल एवढीच. ‘चि. मृण्मयीस’... मग ती जागा, मग ‘सस्नेह’, आणि खाली व्यंकटरावांची सही. सहीखाली त्यांचं ते टांग्याचं चाक, हात थरथरल्यामुळे जरासं चेपटलेलं. मृण्मयीने पान खिडकीकडे तिरपं धरलं. शाई चकाकली. दोन दिवसांत शाई काही पुसट झाली नव्हती. आपोआप काहीतरी होईल असं तिला वाटलं होतं की काय, कोण जाणे.

“सही बघून पोट भरणार असेल तर डबा देत नाही हं!” आई स्वयंपाकघरातून ओरडली.

“दे गं, आई!”

आईला काय, सगळ्यांनाच वाटत होतं की ही आनंदाने वेडी झालीय. आणि व्हायला हवीच होती ना! व्यंकटरावांच्या ‘बिजली टांगेवाली’ या चित्रकथेचे अंक ती तिसरीपासून जमवत होती. रद्दीच्या गठ्ठ्यांतून, मामाच्या माळ्यावरून, एक तर चक्क केशकर्तनालयातून, तिथल्या काकांना नवंकोरं मासिक देऊन सोडवून आणलेला. प्रत्येक अंक पारदर्शक पिशवीत, पाठीला पुठ्ठा, वर्षातून दोनदा ऊन. फक्त पहिला अंक नव्हता. तो होता तिच्या मैत्रिणीकडे, अंबिकाकडे, दौलताबादला, पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांखाली. आणि मृण्मयीला त्याचं काही वाटतही नव्हतं — नाही, हे खोटं. वाटत होतं. वेगळं वाटत होतं.

अंबिकाच्या आजोबांना, मुंजाबांना, तो किल्ल्याच्या पायथ्याशी शेळ्या चारताना सापडला होता, कुण्या सहलीला आलेल्याने विसरलेला. आबांना वाचता येत नाही. त्यांनी तो वर्षानुवर्षं नुसताच पाहिला, आणि अंबिका पहिलीत गेली तेव्हा तिच्या मांडीवर ठेवून म्हणाले, ही टांगेवाली काय बोलती ते मला सांग. रोज एक चौकोन. ती जोडाक्षराला अडली की आबा चित्र बघून पुढचं आधीच सांगून मोकळे. त्या अंकाचे कोपरे उडालेत आणि मधल्या पानावर हळदीचा अख्खा अंगठा आहे. मृण्मयीने पहिल्यांदा पाहिला तेव्हा केवढी किंचाळली होती — अंबिके, अशी घडी घालतात का, हात तरी धुवायचे! — आणि ती बया हसत म्हणाली होती, “हळद लागली तर लागली. लगीन झालं म्हणायचं बिजलीचं.”

दारात रिक्षावाल्याने भोंगा वाजवला. मृण्मयीने अंक वर्तमानपत्रात गुंडाळून दप्तरात सरकवला आणि डबा घेऊन पळाली. रिक्षात पोरं गणिताच्या चाचणीवरून भांडत होती. ती कडेला बसली, दप्तर मांडीवर; दप्तरातूनही तो अंक मांडीला टोचतोय असं तिला वाटत राहिलं.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत अंबिकाने आपला तो पहिला अंक वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. “आबाला ताप हाय गं. शेळ्या मलाच बघाव्या लागतील, उद्या प्रदर्शनाला नाय जमायचं. तू घेशील सही? आबा म्हणले, माझं नाव नगं, पोरीचंच टाका म्हणावं. वाचलं तिनं, मी आपलं ऐकलं.” मग खांदा मारून, “आन् तुझ्या त्या पिशव्याबिशव्यात घालू नको. गुदमरंल ती.”

आणि शनिवारी, क्रांती चौकाजवळच्या त्या प्रदर्शनात, रांग अर्ध्यावर आली असताना एक बाई सांगत फिरल्या: सरांचा हात दुखतोय, एकाला एकच सही. मृण्मयीच्या दप्तरात तिचा स्वतःचा लाडका अंक होता, पुराचा, ज्यात टांगा खाम नदीत उतरतो. तिने तो बाहेर काढलाच नाही. क्षणभरसुद्धा विचार केला नाही! अंबिकाचाच अंक छातीशी धरून ती उभी राहिली, आणि आत काहीतरी उंच उंच होत गेलं... सोमवारी हे अगदी सहज सांगायचं, ‘अगं, माझं काय, मी पुन्हा घेईन’, असं मान उडवून. त्या वाक्याचा सूरसुद्धा ती रांगेत बसवत होती. मैत्रीण असावी तर अशी. मीच ती.

“कुणाच्या नावे?” व्यंकटरावांनी चष्म्यावरून पाहिलं.

“मृण्मयी!”

स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन केल्यापासून आवाज असाच निघतो तिचा, बेंबीच्या देठापासून, माईक असो नसो. मागचे लोक हसले. व्यंकटरावही हसले, “खणखणीत आहे हो मुलगी! बिजली शोभतेस.” आणि लिहू लागले.

जीभ घसरली, असं ती तेव्हापासून स्वतःला सांगत होती. नाव विचारलं की माणूस आपलंच सांगतो, त्यात काय! पण जीभ घसरते ती एकदाच... आणि व्यंकटराव किती सावकाश लिहीत होते. ‘चि.’ लिहून त्यांनी बोटं मोकळी केली. ‘मृ’ काढला. ‘ण्म’ला थांबले, चित्र काढावं तसा मन लावून काढला. ‘यी’ची वेलांटी वरून वळवत आणली. ‘स’ झाल्यावर पेन उचलून मनगट चोळलं, म्हणून तर ती जागा राहिली. एवढ्या वेळात एक शब्द बोलता आला असता. ‘चि.’पाशी थांबवलं असतं तरी पुढे सगळं अंबिकाचंच झालं असतं. मृण्मयी बघत राहिली. तिचं नाव इतक्या सुंदर अक्षरात कधी कुणी लिहिलं नव्हतं — आणि ते संपू नये असं...

हे ‘संपू नये’ तिला आत्ता, रिक्षा शाळेच्या फाटकाशी वळताना, पहिल्यांदाच ऐकू आलं.

रविवारी तिला उपाय सुचला होता. त्या जागेत एक ‘ह’ बसतो. मृण्मयीसह! वर कोपऱ्यात ‘अंबिकेस’ लिहिलं की झालं: अंबिकेस, चि. मृण्मयीसह, सस्नेह. नमुन्याचा ‘ह’ तर त्याच ओळीत होता, ‘सस्नेह’मध्ये. बाकीची अक्षरंही दूर नव्हती, सगळे संवाद व्यंकटरावांनी हातानेच लिहिलेले. बिजलीच्या तोंडचा ‘अ’ घ्यायचा, कोतवालाचा ‘बि’. रफ वहीच्या मागे तिने पानभर ‘ह’ काढले. शेवटचे तर हुबेहूब आले, इतके, की तिने वही फटकन मिटली. कुणी असं केलेला अंक तिला दाखवला असता तर तिनेच नाक मुरडलं असतं, खोटा आहे म्हणून. आणि तेही सोडा. त्या उपायातसुद्धा मृण्मयी जागची हलत नव्हती. अंबिकाच्याच अंकात अंबिका कोपऱ्यात, दाटीवाटीने, मधोमध आपण.

प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत अंबिका धावत आली, बसमध्ये उभं राहून वेणी विस्कटलेली, बुटांना माती.

“मृण्मये! आणलं का गं? बोलले का तुझ्याशी? का नुसतीच सही ठोकली?”

“बोलले...” मृण्मयीने अंक काढला. पारदर्शक पिशवीत घातला नव्हता; वर्तमानपत्रातच होता, अंबिकाच्याच गुंडाळीत. “अंबिके, ते म्हणजे—”

“थांब, थांब! सांगू नको!” अंबिकाने अंक दोन्ही हातांनी घेतला, पोटाशी धरला. “मी नाय बघणार आत्ता. आबा काल लई दिसांनी जेवले नीट. संध्याकाळी त्यांच्यासमोरच उघडते. त्यांना एवढं नाव ओळखता येतं माझं — अनुस्वारावरून. म्हणतात, जिच्या डोक्यावर टिकली ती माझी अंबिका.”

तिने अंक दप्तरात घातला. अगदी हळू, कोपरे सांभाळून, मृण्मयीने शिकवलं होतं तस्सा. घंटा झाली. रांगा लागायला लागल्या. पोरींच्या घोळक्यात ती विस्कटलेली वेणी पुढे निघाली, दोन पावलं, चार... तिथे, त्या कागदावर, टिकलीवालं एकही अक्षर नव्हतं. आबा बोट फिरवत शोधतील. ‘मृ’वरून, ‘ण्म’वरून.

मृण्मयीने तोंड उघडलं. तो खणखणीत आवाज कुठे गेला ते तिला कळेना. घशातून आला तो बारीक, खरखरीत, कुणा दुसऱ्याच मुलीचा.

“अंबिका.”

एवढंच. शनिवारी त्या टेबलापाशी एवढंच म्हणायचं होतं.

पुढची वेणी थांबली, वळू लागली.