परत न आलेल्या सातजणी

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या मार्चमध्ये, नागपूरच्या एका इस्पितळात, माझ्या आईच्या छातीवरील जखमेच्या नव्या उपचारासाठी मला दुपारपर्यंत संमतीच्या कागदावर सही करायची होती. कर्करोगासाठी तिला किरणांचा शेक सुरू होता. पंचवीसपैकी अकरा दिवस झाले होते. डॉ. वामनरावांना शेक थांबवून, नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीच्या वारेचा पातळ पडदा जखमेवर अंथरायचा होता. पडद्याने आग शमते, हे खरेच. शेजारच्या खाटेवरची भाजलेली बाई त्यानेच प्रथम झोपली होती. पण त्याने गाठही विरते, असा त्यांचा दावा होता. पुरावा म्हणून त्यांनी स्वतःचाच छापील इंग्रजी निबंध माझ्या हाती ठेवला. अकरा रुग्ण, सात बऱ्या.

मी पाली शिकवतो. हस्तलिखितांतले सगळे पाठ फार जुळले, की लेखनिकावर संशय घेणे हे आमचे पोटापाण्याचे काम. सातही नोंदी एकाच वाक्याने संपत होत्या: चौथ्या महिन्यानंतर येण्याची गरज भासली नाही. हे कसे कळले, असे मी विचारले. खेड्यातली माणसे बरी झाली की इस्पितळ विसरतात, असे वामनराव प्रसन्नपणे म्हणाले. अनुपस्थितीला आरोग्य मानणारे हे तर्कशास्त्र मी याआधी कुठे वाचले नव्हते.

आई, मनकर्णा, खाटेवरून ऐकत होती. तिने तीस वर्षे उमरेडला सुईणपण केले. बाळंतीण सुटली तरी पाचव्या दिवशी ती न बोलावता तिच्या घरी जाई. तिने मला नोंदी मराठीत सांगायला लावल्या. तिसरी उमरेडची होती: वय एकेचाळीस, विणकराची बायको, डावी बाजू.

"इंदू हाय ते," आई म्हणाली. "दिवाळीच्या आदी गेली. मीच तिले आंघोळ घातली."

वामनरावांनी चष्मा पुसला. एका रुग्णाने निष्कर्ष बदलत नाही, असे ते म्हणाले. बाकी सहाजणींच्या घरी कोण गेले होते, हे आईने विचारले. विभागाला गाडी नाही, असे उत्तर मिळाले.

मग आईने मागितले, ते मला सुचले नसते: शेकही चालू ठेवा आणि आग फार होते, म्हणून पडदाही लावा. वामनरावांनी नकार दिला. दोन्ही एकदम केल्यास गुण कशाने आला, ते कळणार नाही.

"बरी झाली तं मी सोता सांगाले येईन, साहेब," आई म्हणाली. "नाई आली, तं तुमी उमरेडले या. यष्टी जाते."

मी संमतीचा कागद सही न करताच परत केला. वामनरावांनी तिच्या केसपेपरवर 'असहकारी' असे सुवाच्य अक्षरात लिहिले. परिचारिकेने साधी पट्टी बांधली. तेवढा वेळ आईने माझे मनगट नखे रुतेपर्यंत धरून ठेवले. मग ती उठली आणि शेकाच्या खोलीबाहेरच्या बाकावर आपल्या नंबरची वाट पाहत बसली.