वातायन मुक्त करा

सासऱ्यांनी लॅपटॉपवर पहिल्या दिवशी लिहिलेलं वाक्य होतं, “मुद्रा कमी पडल्या.” आम्ही तिघांनी ते वाचलं. माझ्या नवऱ्यानं ते पुन्हा एकदा वाचलं. मोठे भाऊजी मात्र लगेच म्हणाले, “चेहऱ्याबद्दल म्हणतायत. मुद्रा म्हणजे चेहरा. तोंड वाकडं झालंय ना, ते सलतंय त्यांना.” मग बाबांच्या गालावर हात फिरवून ते म्हणाले, “होईल हो सरळ, बाबा.” बाबांनी डोळे मिटून घेतले.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली. काय बोलतात ते त्यांच्या उशीलाही कळत नसेल. डाव्या हातानं जन्मात लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे पेन दिलं की कागदावर नुसत्या मुंग्या. पण डाव्या हाताचं एक बोट शहाणं होतं. म्हणून मी आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेनं टाकून दिलेला एक लॅपटॉप घरी आणला, त्यावर लिनक्स ही फुकटातली संगणकप्रणाली चढवली, मराठी कीबोर्ड लावला आणि त्यांच्यासमोर ठेवला. मी त्या प्रयोगशाळेत उपकरणं सांभाळते. मोडकं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात.

कीबोर्ड बाबांना नवा नव्हता. चाळीस वर्षं ते छापखान्यात खिळे जुळवत होते. खिळे म्हणजे शिशाची अक्षरं. प्रत्येक अक्षराचा लाकडी खण ठरलेला, त्यातून न बघता एकेक खिळा उचलायचा आणि ओळ लावायची. खिळे वितळवायला गेले तेव्हा त्याच छापखान्यात ते दोन्ही हातांनी कॉम्प्युटरवर टाइप करायला शिकले. तेव्हा लिहिणं काही अवघड जायला नको होतं.

पण लिहायचे काय, तर “जल द्या.” “पोट रिते.” “मस्तक जड.” आणि एका दुपारी उकडायला लागलं तेव्हा, “वातायन मुक्त करा.” मी पाच मिनिटं ते शब्द बघत उभी राहिले. मग खिडकी उघडली.

“बाबा संस्कृतात गेले,” भाऊजी म्हणाले. आमच्या घरात कसलंही बोलणं निघालं की अध्यक्षस्थान त्यांचंच. “डॉक्टर काय म्हणाले होते? बोलणं अडखळेल, पण डोकं शाबूत आहे का ते लिहिण्यावरून कळेल. कळलं ना आता?”

त्यात एक दिवस मी कामावर असताना बाबांनी लिहिलं, “सून हवी.” झालं! भाऊजींनी मला फोन केला. “त्यांना सून हवीये म्हणे. अगं, तू आहेस हेही विसरले ते.” मला हसावं की रडावं कळेना. मी भाऊजींना म्हटलं, “किंवा मी आठवले असेन.” त्यावर ते म्हणाले, “तू फार मनाला लावून घेतेस.”

मग भाऊजींनी एक संस्था शोधली. चोवीस तास नर्स, पहिल्या मजल्यावर एक खाट रिकामी होत होती. रविवारी फॉर्म भरून द्यायचा होता. हे सगळं बाबांच्या खाटेशी बसून, त्यांच्या डोक्यावरून बोललं गेलं, जणू ते कपाट आहेत. बाबांनी बोट उचललं आणि सावकाश लिहिलं, “मी जात नाही.” हे वाक्य स्वच्छ होतं. पण वातायनवाल्या माणसाचं कोण मनावर घेतो? भाऊजी म्हणाले, “चालता येत नाही म्हणतायत.”

मला राग आला. राग आला की मी भांडत नाही, मोजते. ती प्रयोगशाळेची खोड. बुधवारी दुपारी बाबा झोपलेले असताना मी त्यांनी महिनाभरात लिहिलेलं सगळं एका फाइलीत जमवलं. लिनक्सला सांगितलं, कुठलं अक्षर किती वेळा आलंय ते मोज. मला बघायचं होतं की चुका कुठे होतात. डोळ्यांपुढे यादी आली. क भरपूर, त भरपूर, स, र, ल, सगळे हजर. आणि ख शून्य. घ शून्य. थ, ध, फ, भ शून्य. महिनाभर मराठी लिहिणाऱ्या माणसानं एकदाही ‘आहे’ लिहिलं नव्हतं, एकदाही ‘आणि’ नाही. अ, आ, इ, ई, एकही नाही. आणि शुद्धलेखनाची चूक शोधून सापडेना.

मी कीबोर्डाकडे बघितलं. बटणावर खाली क, वर ख. खाली त, वर थ. खाली म, वर ण. खाली काना, वर आ. वरचं अक्षर हवं तर शिफ्ट दाबून धरायची आणि मग दुसऱ्या बोटानं अक्षर. बाबांकडे दुसरं बोट नव्हतं.

म्हणजे पाणी म्हणायला ण नाही, म्हणून जल. भूक म्हणायला भ नाही, म्हणून पोट रिते. खिडकीला ख नाही, उघडायला उ नाही आणि घ नाही. सूनबाईतला ई नाही, म्हणून नुसती सून. छापखान्यात एखाद्या अक्षराचे खिळे संपले की जुना जुळारी काम थांबवत नाही, तो शब्द बदलतो. बाबा मला हे कितीदा सांगायचे! आणि पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला सांगितलं होतं की खिळे कमी पडले. पण ‘खिळे’ला ख लागतो आणि ळ लागतो. म्हणून त्यांनी मुद्रा लिहिलं, मुद्रणातली मुद्रा, आणि आम्ही त्यांचा गाल कुरवाळला. मला इतकी लाज वाटली की उठून तोंड धुऊन आले.

बाबा जागे झाल्यावर मी विचारलं, “बाबा, शिफ्ट दाबता येत नाही, एवढंच ना?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. मग त्यांनी लिहिलं, “हुस्स.”

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “दादाला फोन कर.” मी म्हटलं, “फोनवर ते अध्यक्षीय भाषण करतील. रविवारी बाबाच सांगतील.” रविवारपर्यंत चार दिवस होते.

गुरुवारी सोपा उपाय केला. यंत्राला सांगता येतं की शिफ्ट एकदा दाबून सोडली तरी पुढच्या अक्षरापर्यंत लक्षात ठेव. पण बाबांचं बोट थरथरतं, त्यामुळे शिफ्ट दोनदा दाबली जायची, आणि दोनदा दाबली की ती अडकूनच बसते. त्यांनी ‘कलम’ लिहायला घेतलं, उमटलं ‘खळण’. दुसऱ्यांदा केलं, पुन्हा खळण. तिसऱ्यांदा त्यांनी लॅपटॉप कोपरानं ढकलला. शिशाच्या खिळ्यांत वाढलेल्या माणसाला एका खणातून दोन अक्षरं काढायला सांगणंच चूक होतं. एक अक्षर, एक घर. पण कीबोर्डावर घरं आणायची कुठून?

तेव्हा माझं लक्ष वरच्या ओळीकडे गेलं. प्रत्येक लॅपटॉपला असते ती खास बटणांची ओळ. सूर्य मोठा, सूर्य लहान, कर्णा, विमान, चंद्रकोर. या मशीनवर तशी बारा, आणि उजव्या कडेला आणखी चार. बाबांना यातल्या एकाचाही उपयोग नव्हता. मी मोजलं. ख घ, छ झ, ठ ढ, थ ध, फ भ, ही दहा. ण, ळ, श आणि पोटफोड्या ष, चौदा. एक ज्ञ, पंधरा. आणि अ. सोळा! मी एकटीच टाळी वाजवली.

“पण आ, इ, उ?” मी बाबांना विचारलं. त्यांनी बोटानं हवेत एक उभी रेघ काढली. अ पुढे काना, झाला आ. छापखान्यात तसाच करत. मग वेलांटी काढली, अ ला वेलांटी. जुन्या पुस्तकांत असतो तसा अि, अु, अे. मला तर हे सुचलंच नसतं.

शुक्रवारी रजा टाकली. लिनक्समध्ये एक छोटा प्रोग्राम असतो, बटण दाबलं की त्याचा आकडा दाखवतो. मी एकेक दाबत गेले. सूर्य बोलला, कर्णा बोलला. पाच बटणं मात्र ढिम्म. दाबावं तर काहीच नाही, मेली की काय कळेना. मग मशीनची नोंदवही उघडली, जिच्यात ते स्वतःशी पुटपुटत असतं. तिथे पाचही वेळा तेच वाक्य होतं. अनोळखी कळ दाबली गेली, तिचा आकडा अमुक, ओळख करून द्यायची असेल तर अशी आज्ञा द्या.

मी ते दोनदा वाचलं. एवढं टाकाऊ यंत्र, पण समजलं नाही तर समजलं नाही म्हणतं. कळ बिघडली असं म्हणत नाही. आमच्या घरात तीन शिकलेल्या माणसांना हे जमलं नव्हतं, आणि त्यात मीही आले.

पाचांची ओळख करून दिली. मशीन बंद करून चालू केलं की ते सगळं विसरायचं, म्हणून ती यादी एका फाइलीत कायमची लिहून ठेवली. मग सोळा बटणांना सोळा अक्षरं वाटली. तरी जुन्या खोडी जाईनात. विमानावर भ ठेवला तर भ उमटायचा आणि इंटरनेट बंद पडायचं. चंद्रकोरीवर झ ठेवला होता. झ दाबला की लॅपटॉप झोपी जायचा, अक्षराला जागून. बाबा हसले. तोंडाची एकच बाजू हसली, पण महिन्यात पहिल्यांदा. मग मी प्रत्येक बटणाची जुनी नोकरी शोधून काढून घेतली, आणि चंद्रानंही ऐकलं.

शनिवारी कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. ख, घ, छ, झ, शाळेत शिकवतात त्या क्रमानं. बाबांनी बघितलं आणि मान हलवली. नाही. सूर्यावर बोट ठेवलं आणि भ वर ठेवलं. भ इथे. मग ण, मग अ. मला उशिरा कळलं. त्यांच्या खणांत अक्षरं शाळेच्या क्रमानं नसत, कामाच्या क्रमानं असत. सारखं लागणारं हाताशी, क्वचित लागणारं कडेला. ढ आणि ज्ञ पार टोकाला गेले. तासभर आम्ही चिठ्ठ्या हलवत बसलो. सासऱ्यांबरोबर इतका छान तास माझा कधी गेला नव्हता.

रविवारी सकाळी भाऊजी फॉर्म भरूनच घेऊन आले. “उद्या अकराला गाडी येईल,” ते म्हणाले. मी म्हटलं, “आधी बाबांशी बोला.” भाऊजींनी सुस्कारा सोडला. “काय बोलू? वातायन?”

बाबांनी डावा हात पुढे केला. भाऊजींना वाटलं, हात धरायचाय. त्यांनी हात धरला. बाबांनी तो सोडवून फॉर्मकडे बोट दाखवलं. मी फॉर्म त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, प्रूफ वाचत तसा, ओळीखाली बोट सरकवत. एका ठिकाणी बोट थांबलं. ‘आजाराचे स्वरूप’ या रकान्यात भाऊजींनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘अर्धांगवायू व भ्रमीष्टपणा’.

बाबांचं बोट लॅपटॉपवर गेलं. सूर्य. मग खाली, मग पुन्हा वर. आम्ही तिघं पडद्याकडे बघत होतो. एकेक अक्षर उमटत गेलं.

“भ्रमिष्ट. मि पहिली.”

पहिली म्हणजे पहिली वेलांटी, ऱ्हस्व. या घरात पोरांना चालायच्या आधी वेलांट्या शिकवल्या होत्या. भाऊजींनी नेहमीच्या सवयीनं खिशातलं पेन काढलं, दुसरी वेलांटी खोडली, पहिली काढली. “बरोबर,” ते म्हणाले. “चुकलंच माझं.”

मग त्यांच्या लक्षात आलं, आपण काय दुरुस्त केलं आणि कुणाच्या सांगण्यावरून. पेन कागदावरच राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

बाबांनी पुढची ओळ लिहिली. “मी अिथेच राहीन.”

“बाबा,” भाऊजी म्हणाले. “तुम्ही... एवढे दिवस आम्ही इथे बसून काय काय बोलत होतो. तुम्हाला सगळं कळत होतं?”

उत्तराला वेळ लागला, कारण श थोडा लांब होता.

“अेकेक शब्द.”

भाऊजी खाटेच्या कडेवर बसले आणि रडायला लागले. मी मध्ये पडले नाही. खरं सांगते, मला बरं वाटलं. बाबांनी मात्र ते एकच बोट कीबोर्डावरून उचललं आणि लेकाच्या मनगटावर ठेवलं.