टीका मान्य आहे

गुरुवारची बैठक म्हणजे बैठक. बेद्दावीच्या पॅलेस्टिनी निर्वासित छावणीत वीज असो नसो, अताल्ला मास्तर खुर्च्या मांडून बसलेलेच असायचे. एके काळी या खोलीच्या कोपऱ्यात बंदुका टेकवलेल्या असत आणि माणसं दारापर्यंत दाटीनं बसत. त्यातली बरीचशी आता भिंतीवर फोटोत होती, काही जर्मनीत टॅक्सी चालवत होती. संघटनेत दोनदा फूट पडली ती वेगळीच. आता शाखेत उरले तिघं: मास्तर, शुक्री आणि फिक्रिया.

शुक्री आज ठरवून आला होता. घोटून दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा सदरा. फिक्रिया पुढच्या महिन्यात मुलाकडे डेन्मार्कला चालली होती, कायमची. बाई विधवा, हा बिनलग्नाचा. तिनं जाऊ नये, आपल्याशी लग्न करून इथंच राहावं, एवढंच त्याला सांगायचं होतं. छावणीला वेढा पडला असताना पायात गोळी लागली तेव्हा हूं की चूं न केलेला माणूस, पण हिच्यासमोर तोंडातून शब्द फुटेल तर शपथ.

संघटनेत त्याला सगळे अबू रअद म्हणत, म्हणजे रअदचा बाप. ऐन विशीत बंदूक आणि हे टोपणनाव एकाच दिवशी पदरात पडलं. लग्नच झालं नाही तर रअद येणार कुठून? छावणीतले टवाळ अजून विचारायचे, "काका, रअद काय म्हणतोय?" तो हसून सोडून द्यायचा. घरी जाऊन मात्र त्याला वाईट वाटायचं.

"विषय पहिला, जागतिक परिस्थिती," मास्तर म्हणाले. जागतिक परिस्थितीनं तासभर खाल्ला. दुसरा विषय बालवाडीचं गळकं छप्पर. शुक्री नुसता चहाच्या पेल्याशी चाळा करत बसला.

"विषय तिसरा, टीका आणि आत्मटीका. नियम माहीत आहे. टीका संपेपर्यंत मधे बोलायचं नाही, आणि नंतर सबबी सांगायच्या नाहीत."

शुक्रीनं घसा खाकरला, तोवर फिक्रियाचा हात वर गेला होता.

"माझी टीका कॉम्रेड अबू रअद यांच्यावर आहे. हे रोज सकाळी माझ्या दारात ताज्या रोट्या ठेवतात आणि दार न वाजवता पळतात. टाकीचा नळ दुरुस्त करतात, पण थोडा गळता ठेवतात. परत यायला निमित्त नको का?"

"अहो, तो वायसर—"

"नियम," मास्तर म्हणाले.

"शुक्रवारी माझ्याकडे मसूरभात जेवतात आणि तारीफ करतात मसुराची. मसूर काय मी पिकवते? इतकी वर्षं नुसती तयारी चाललीय, कृतीचा पत्ता नाही. मी विमानात बसेन तरी यांची तयारीच चालू असेल. संपली माझी टीका."

मास्तरांनी चष्मा पुसला. हसू दाबताना त्यांच्या मिशा हलत होत्या. "कॉम्रेड, उत्तर द्या. सबबी नकोत, सुधारणा सांगा."

शुक्रीचे कान लालबुंद झाले होते. "टीका मान्य आहे. सुधारणा... करतो."

"कधी?" फिक्रियानं विचारलं.

"आत्ता. फिक्रिया, जाऊ नका. माझ्याशी लग्न करा."

"मतदान," मास्तर म्हणाले, आणि तीन हात वर गेले.

फिक्रियानं तिथूनच मुलाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. "मुनीर, माझं तिकीट रद्द कर. मी लग्न करतेय. अबू रअदशी."

मुनीर नाही म्हणाला तर ही आपल्यासाठी मुलाला तोडेल, आणि ते आपल्याला झेपणार नाही, हे शुक्रीला तिथल्या तिथं कळलं.

मग मुनीरचा आवाज आला. "काकांना फोन दे." शुक्रीनं तो घेतला.

"काका, लग्नाला मी येतोय. छावणीत कुणी विचारलं तर सांगा, रअद डेन्मार्कला होता."

शुक्रीला हो म्हणायचं होतं, पण त्याला रडूच फुटलं. फिक्रियानं त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि म्हणाली, "येताना नळाचा एक चांगला वायसर घेऊन ये रे."