नकाशावरची कोरी जागा

मित्रांनो, कपाटाच्या खालच्या कप्प्यात, चष्म्यांच्या मोडक्या फ्रेमांच्या खोक्याला टेकून पडलेला तो काळपट लॅपटॉप म्हणजे मी. माझे एक बिजागर सैल झाले आहे. बॅटरी फुगल्यामुळे माझे पोट वर आले आहे आणि झाकण नीट मिटत नाही. त्या फटीतून मला घराचा थोडा भाग दिसतो. बाकीचे मला आठवते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. मी महागडा कधीच नव्हतो. माझी उमेदीची वर्षे एका विमा कचेरीत गेली. तिथे माझ्यावर दिवसभर लोकांच्या अपघातांची माहिती टंकली जाई. पुढे कचेरीत नवे, सडपातळ लॅपटॉप आले आणि माझी रवानगी एका दुरुस्तीवाल्याच्या फळीवर झाली. तिथे धूळ खात असताना माझी मालकीण मला भेटली.

ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. भिंगे घासणे, काड्या वाकवून कानावर नीट बसवणे हा तिचा रोजचा उद्योग. तिने माझा रंग पाहिला नाही की कंपनी विचारली नाही. उन्हात पडदा दिसेल का, गाडीतले हादरे सोसेल का, जीपीएसचे यंत्र जोडायची खाच चालू आहे का, एवढेच तिने खोदून खोदून विचारले. दुरुस्तीवाला हसून म्हणाला, "बाई, एवढी चौकशी लोक जावयाचीही करत नाहीत. कशाला हवाय एवढा तपासून?"

"एका माणसाला शोधायचं आहे," ती म्हणाली.

त्याचे हसू विरले. त्याने माझी बॅटरी काढून दुसरी, चांगली बसवून दिली.

तो माणूस म्हणजे तिचे सासरे. आयुष्यभर खांबांवर चढून विजेच्या तारा जोडणारा तो माणूस म्हातारपणी विसराळू झाला होता. आधी नावे गेली, मग दिवस, मग स्वतःच्या घराचा जिना. एका दुपारी मालकीण न्हाणीघरात असताना ते दार उघडून बाहेर पडले. पाण्याच्या टाकीमागे जे जंगल पसरले आहे, त्या बाजूला जाताना कोणीतरी त्यांना पाहिले. पोलीस आले, श्वानपथक आले, शेजारपाजारचे लोक हाका मारत फिरले. मग हळूहळू सगळे आपापल्या कामाला लागले. जंगलाने माणूस गिळला आणि ढेकरही दिली नाही.

मालकिणीची नणंद मात्र गप्प बसली नाही. भरल्या घरात, सगळ्यांच्या देखत ती म्हणाली होती, "कडी का घातली नव्हती, तेवढं मला सांग." त्या दिवसापासून नणंदेने भावाच्या घराची पायरी चढणे सोडले. आणि लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? सुनेला म्हातारा जड झाला होता, अशी कुजबुज तिच्या दुकानापर्यंत पोहोचली.

त्या जंगलात सुट्टीच्या दिवशी काही हौशी मंडळी फिरत. कोणी एक डबी झाडाच्या ढोलीत किंवा दगडाखाली लपवून ठेवायचे, तिची अचूक जागा संकेतस्थळावर टाकायचे, आणि बाकीच्यांनी जीपीएस घेऊन ती हुडकायची, असा त्यांचा खेळ. घरात सगळे त्यांना 'खजिनेवाले' म्हणत. त्यांचे म्होरके दातांचे डॉक्टर होते. डोक्यावर कायम पांढरी टोपी, म्हणून ते टोपीवाले. मालकिणीने त्यांना गाठून विनंती केली, की तुम्ही जिथून जिथून चालता, तो मार्ग मला पाठवत जा. टोपीवाल्यांनी तिला नकाशे उतरवून घ्यायला, मार्ग जोडायला शिकवले आणि आपल्या सगळ्या मंडळींना कामाला लावले.

मग माझे खरे आयुष्य सुरू झाले. खजिनेवाल्यांच्या वाटा निळ्या आणि मालकिणीच्या तांबड्या. दुकानाच्या सुट्टीला ती आणि तिचा नवरा गाडी जंगलाच्या कडेला लावत. छपाईच्या कामाने बोटे काळी झालेला तो अबोल माणूस पुढे काटे तोडत चाले, मागून ती. परत आल्यावर ती माझ्यावर काळे कापड धरून त्याखाली डोके घाली आणि त्या दिवसाची रेघ पाही. मित्रांनो, माझ्या पडद्यावर माणसे नसायची, फक्त त्यांची चाल असायची. शेकडो लोक येऊन गेल्यावर धुळीत पावले उरावीत तसे ते दिसे. त्या पावलांत ज्याची हवी त्याचीच तेवढी नव्हती.

एक गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. जीपीएसचे यंत्र एका जागी ठेवले, तरी नकाशावरचा ठिपका थोडा थोडा सरकत राहतो. उपग्रहाचा अंदाज चुकतो, एवढेच त्याचे कारण. पण एकदा मालकीण यंत्र माझ्याशी जोडून ठेवून स्वयंपाकघरात गेली, तेव्हा सासूबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. ठिपका आपल्या आपण हलत होता. कुठे जायचे ते न सुचल्यासारखा पुढे जाई, थांबे, मागे फिरे. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग हळूच विचारले, "अजून चालताहेत का ते?"

मालकीण आली, पण तिने यंत्र काढले नाही. ती त्यांच्याशेजारी बसून राहिली.

रेघा वाढत गेल्या तशी नकाशावर एक कोरी जागा उठून दिसू लागली. बंद पडलेल्या दगडखाणीच्या मागे, पत्र्याच्या पडक्या कुंपणापाशी सगळ्या वाटा वळत होत्या. निळ्याही आणि तांबड्याही. प्रत्येकाला वाटले होते, पुढे रस्ता नाही. मालकिणीने नवऱ्याला बोलावून पडद्यावर बोट ठेवले. तो म्हणाला, "तिथे काही नसेल."

"नसेल तर नसेल. पण तिथे आपण गेलेलो नाही."

टोपीवाल्यांना बरोबर घेऊन ते गेले. मला गाडीत ठेवले होते. ते येईपर्यंत काचेवर ऊन सरकत राहिले आणि मी गरम होत गेलो. ते परत आले. टोपीवाले टोपी हातात घेऊन दूर उभे राहिले. नवरा बोनेटला दोन्ही हात टेकून खाली मान घालून उभा होता. मालकीण माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "चष्मा मीच बसवला होता. डावी काडी मी वाकवली होती, त्यांचा तो कान खाली होता म्हणून."

कुंपणापलीकडे एका कातळाच्या आडोशाला सासऱ्यांचे अवशेष मिळाले; त्या चष्म्यावरूनच ते ओळखता आले. चपला काढून शेजारी जोडीने ठेवलेल्या होत्या. पोलिसांनी रीतसर तपास केला, घरच्यांनी अंत्यविधी केले. ते त्या बाजूला कशासाठी गेले, हे कोणालाच कळले नाही.

त्यानंतर एका सकाळी नणंद आली. तिने चहा घेतला नाही. टेबलावर मी उघडा होतो, नकाशा अजून पडद्यावर होता. ती उभ्या उभ्या बघत राहिली.

"यातल्या तुझ्या कुठल्या, वहिनी?"

"तांबड्या."

सगळे जंगल तांबडे झाले होते. नणंद खुर्ची ओढून बसली. "बाबा माझ्याकडे राहायला आले होते, तेव्हाही दाराशी उभे राहायचे," ती म्हणाली. "घरी जायचंय म्हणायचे. मी म्हणायची, बाबा, हेच घर. आणि कडी लावून घ्यायची."

"मीही तेच करायचे, ताई," मालकीण म्हणाली. "त्या दिवशी राहिली."

दोघी रडल्या नाहीत. नणंद उठली आणि चहाचे आधण ठेवायला आत गेली.

पुढे खजिनेवाल्यांचे सगळे काम फोनवर होऊ लागले, मालकिणीलाही माझी गरज उरली नाही आणि मी कपाटात आलो. माझी तक्रार नाही. फक्त, जुना लॅपटॉप टाकून देण्याआधी त्याच्यात कोणाच्या वाटा साठल्या आहेत, ते एकदा बघत जा.

आणि मित्रांनो, तुमच्या घरातले एखादे म्हातारे माणूस दाराशी उभे राहून 'घरी जायचंय' म्हणाले, तर त्याला समजावत बसू नका. पायात चपला सरकवा, त्याचा हात धरा आणि ते नेईल तिकडे थोडे चाला.